सोड, गुणो

म्हापशात, शुक्रवारच्या बाजारामागच्या गल्लीत
उपेंद्रबाब भोब्यांचा छापखाना होता.
साप्ताहिकाचं नाव 'ओहोटी'.
असलं अशुभ नाव कोण ठेवतं, लोक विचारायचे.
बाब म्हणायचे, भरतीत काय दिसतं? पाणी.

मी खिळे जुळवायचो. सव्वीस वर्षं.
त्यांचा स्तंभ बुधवारी रात्री यायचा
सिगारेटच्या पाकिटातल्या कागदावर, मुंगीच्या अक्षरात,
वाचून झाल्यावर गिळता येईल एवढ्याशा कागदावर.
जुनी खोड, ते म्हणायचे. कुठली, ते नाही.

मिरचीचे भाव, पंचायतीचा कोरडा नळ,
मंत्र्याच्या मेव्हण्याची खाण,
पोदेरानं पाव किती लहान केला त्याचं माप, इंचात.
दोन खटले झाले. एकदा दारावर शेण.
बाबांनी वास घेतला आणि म्हणाले,
म्हशीचं. गिरीच्या बाजूची. सरकी खाणारी.
खरं निघालं.

पण मार्च आला की एक मजकूर यायचा
ज्याला मथळा नसायचा.
मी जुळवायचो, गॅलीवर दोरी आवळायचो,
एकच प्रूफ काढायचो.
बाब ते उभ्यानं वाचायचे, एखादी वेलांटी सुधारायचे,
कागदाला काडी लावायचे
आणि म्हणायचे, सोड, गुणो.
मग मी एकेक खिळा त्याच्या त्याच्या घरात
परत टाकत बसायचो.

खिळ्यांतलं उलटं वाचायची सवय असते आम्हाला.

मुरगाव. युद्धाचं साल.
पाखल्यांचं राज्य, कुणाच्याच बाजूचं नसलेलं.
बंदरात अडकून पडलेलं एक जर्मन जहाज
आणि होडीतून अंडी विकणारा तेवीस वर्षांचा पोरगा,
अंडी मोजता मोजता माणसं मोजणारा.
किती डझन चढली, म्हणजे किती तोंडं.
कुठल्या खिडकीत रात्री उजेड.
आचारी कुठं झोपतो, कुठल्या कुशीवर,
हे कुणी विचारलंच नव्हतं.
त्यानं तेही कळवलं.

एका साली आचाऱ्याचं नाव एर्विन होतं.
दुसऱ्या साली नाव नव्हतं, नुसती मोहरीची बाटली,
त्यानं पोराला दिलेली.
एका साली आग किनाऱ्यावरून पाहिली, एका साली होडीतून,
एका साली पोरगा झोपलाच होता, वासानं जागा झाला.
अंडी मात्र दर साली तीन डझन.
शेवटची. पैसे न घेतलेली.

मार्चात 'ळ' कमी पडायचा.
जळलं, काळोख, तळ, वेळ.
मी पंधरा दिवस आधीपासून राखून ठेवायचो,
अग्रलेखात 'फळ' आलं तर 'परिणाम' करायचो.
बाबांनी कधी हटकलं नाही.
ठाऊक असणार. ठाऊक करून घेणं हाच त्यांचा पहिला धंदा.

एकदा मीच विचारलं, छापत का नाही?
पाखले गेले, त्यांचा सेन्सॉर गेला.
चष्मा पुसत म्हणाले,
तो गेला म्हणून तर घरचा एक पाळावा लागतो.
मग बराच वेळ ट्रेडलकडे बघत,
छापलं की एकच राहतं रे, गुणो.
बाकीची मग कुठं ठेवू?

गेले तेव्हा सगळ्या पेपरांनी 'निर्भीड' लिहिलं.
एकानं तर दोनदा.
ट्रेडल भंगारात गेलं, खिळे किलोवर.
तराजू यायच्या आधी मी 'ळ'चं घर रिकामं केलं,
मूठभर निघाले, रॉकेलनं धुतले,
मोहरीच्या बाटलीत भरले.
बाटली कुठली ते मला विचारू नका,
बाबांच्या खणात होती, लेबल नव्हतं.

आता मार्च आला की
मी मुलीला बाजारातून अंडी आणायला सांगतो.
ती पिशवी घेते, चपला शोधते,
उंबऱ्यावरून वळून विचारते,
किती?